घरातला छळ ओळखायचा कसा, आणि तिच्या पाठीशी उभं राहायचं कसं

आम्ही पाच जणी बऱ्याच वर्षांनी एकत्र जेवायला बसलो होतो. त्यातल्या एकीचा फोन दर दहा मिनिटांनी वाजत होता. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिने कॅमेरा सुरू करून फोन टेबलाभोवती फिरवला, प्रत्येकीचा चेहरा दाखवला आणि हसत म्हणाली, "यांना ना, माझ्याशिवाय करमतच नाही." आम्हीही हसलो. "नशीबवान आहेस गं," असं कोणीतरी म्हणालंसुद्धा. दोन वर्षांनी तिने मला सांगितलं, की त्या रात्री घरी गेल्यावर टेबलावरच्या सहाव्या ग्लासाचा हिशेब तिला पहाटेपर्यंत द्यावा लागला. बायका पाच, मग ग्लास सहा कसे?

आम्ही चौघींनी तो फोन गोल फिरताना पाहिला होता आणि चौघींपैकी एकीलाही काही खटकलं नव्हतं. पुढे काही वर्षं मी एका मदत गटात फोन घेण्याचं काम केलं, तेव्हा कळलं की जवळच्या माणसांचं हे असंच होतं. समोर दिसत असतं, पण त्याला आपण प्रेम, स्वभाव, तापटपणा अशी गोड नावं देऊन मोकळे होतो.

लेखात मी ‘ती’ म्हणते आहे, कारण मोठा आकडा स्त्रियांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली दिलेल्या अंदाजानुसार जगातल्या साधारण दर तीन स्त्रियांपैकी एकीने आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा, नाहीतर परक्याकडून लैंगिक हिंसा सोसलेली असते. पण छळ पुरुषांचाही होतो, म्हाताऱ्या आईवडिलांचा होतो, समलिंगी जोडप्यांतही होतो. ‘बायकोचा मार खातो’ या हसण्याच्या भीतीने पुरुष तर तोंडच उघडत नाहीत. पुढचं बहुतेक सगळं त्यांनाही लागू आहे.

पायरी 1 : हे भांडण आहे की छळ, ते आधी समजून घ्या

‘भांड्याला भांडं लागायचंच’ या एका वाक्याखाली जितका छळ झाकला गेला असेल तितका कुलूपबंद दारामागेही नसेल. भांडणात दोघांचा आवाज चढतो, दोघांना माघार घेता येते, आणि दुसऱ्या दिवशी दोघंही फुगून बसलेली असतात. छळात एकच माणूस घाबरलेलं असतं आणि माघार कायम त्याच माणसाची असते.

मी स्वतःला एक प्रश्न विचारते. तिने ‘नाही’ म्हटलं तर पुढे काय होतं? नवरा रुसला, कुरकुरला, तावातावाने वाद घातला, तर तो संसार आहे. पण ‘नाही’ची किंमत म्हणून तिला मार, आठवडाभराचा अबोला, मुलांसमोर अपमान, बंद झालेले पैसे किंवा ‘जीव देईन’ची धमकी मिळत असेल, तर ते भांडण नव्हे. आणि पुढे पुढे ती ‘नाही’ म्हणणंच सोडून देते. त्यानंतर घरात वरवर शांतता असते, म्हणून बाहेरच्यांना वाटतं की आता बरं चाललंय.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ गावात 1984 साली काही कार्यकर्त्यांनी मार खाल्लेल्या बायकांकडून त्यांचे अनुभव ऐकून घेतले आणि त्यावरून एका चाकाचं चित्र काढलं. मधल्या तुंब्यावर लिहिलं ‘सत्ता आणि ताबा’. आठ आऱ्यांवर धाक दाखवणं, मानसिक छळ, माणसांपासून तोडणं, ‘काही झालंच नाही’ म्हणणं, मुलांचा वापर, पुरुषपणाचा हक्क, पैशाची कोंडी आणि धमक्या. मारहाण आणि लैंगिक जबरदस्ती मात्र आऱ्यांवर नाही. ती बाहेरची धाव आहे, चाकाला घट्ट धरून ठेवणारी. मला हे चित्र फार पटतं. चार वर्षांत एकदाच हात उचललेला असतो, पण त्या एका वेळेच्या जोरावर पुढची चार वर्षं नुसती नजर पुरते. म्हणून ‘मारतो का?’ या प्रश्नाला ‘नाही’ उत्तर आलं की चौकशी संपवू नका.

कायद्यालाही हे उशिरा का होईना कळू लागलं आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये डिसेंबर 2015 पासून जोडीदाराला सतत धाकात, ताब्यात ठेवणं हाच गुन्हा आहे. अंगावर एकही वळ नसला तरी पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी 1979 साली हिंसेचं एक चक्र मांडलं : आधी ताण साठत जातो, मग स्फोट, मग माफी आणि लाडीगोडी. प्रत्येक घरात हे असंच घडतं असं नाही. काही घरांत माफीचा भाग कधी येतच नाही. पण येतो तिथे बाहेरच्यांना नेमका तोच दिसतो. फिरायला नेलेले फोटो, वाढदिवसाची भेट, चारचौघांत ‘हिच्याशिवाय माझं पान हलत नाही’.

पायरी 2 : खुणा बघायला शिका

एका खुणेवरून काही ठरत नाही. चार-पाच खुणा एकत्र आणि वारंवार दिसल्या, की कान टवकारायचे.

अंगावरच्या खुणांबद्दल थोडं. धडपडून पडलेल्या माणसाला लागतं ते बहुधा तळहाताला, गुडघ्याला, कोपराला. मारहाणीत चेहरा, कान, मान, छाती, पोट, पाठ या जागा जास्त सापडतात, आणि बऱ्याचदा कपड्यांखाली झाकल्या जातील अशाच. हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या बाहेरच्या बाजूला वळ असतील तर वार चुकवायला तिने हात आडवा धरलेला असू शकतो. दंडावर बोटांच्या ठशांसारखे चार डाग म्हणजे कोणीतरी गच्च धरलं होतं. काही वळ जुने, काही ताजे, हेही बघा; मात्र रंगावरून दिवस मोजायला जाऊ नका, ते डॉक्टरांनाही नीट जमत नाही. आणि सांगितलेली गोष्ट जखमेशी जुळते का? कपाटाचं दार डोळ्यावर आपटू शकतं. तेच दार महिन्यातून दोनदा आपटत नाही.

पण मला विचाराल तर वळांपेक्षा वागण्यातले बदल आधी दिसतात. गप्पिष्ट बाई मोजून मापून बोलू लागते. ठरलेल्या भेटी ऐन वेळी रद्द होतात आणि कारण दर वेळी तिच्यावरच येतं : माझंच डोकं दुखत होतं, मीच विसरले. फोन स्पीकरवर ठेवून बोलते. घड्याळाकडे बघत बसते. साध्या गोष्टीला, म्हणजे केस कापायचे की नाही याला, "विचारून सांगते" म्हणते. आईकडची, मैत्रिणींकडची ये-जा आटत जाते. हे आटणं एका दिवसात होत नाही. आधी एखादी मैत्रीण ‘आगाऊ’ ठरते, मग भाऊ ‘नाक खुपसणारा’ ठरतो, मग प्रत्येक भेटीनंतर इतकं तोंडसुख घेतलं जातं की भेटायला जाणंच तिला परवडेनासं होतं. ‘तीच हल्ली आमच्यात येत नाही,’ असं आपण म्हणतो आणि आपणही फोन करणं सोडतो. तोडणाऱ्याचं निम्मं काम आपणच करून देतो.

पैशाकडे बघा. कमावती आहे, पण पगार ज्या खात्यात जातो त्याचं कार्ड तिच्याकडे नाही. प्रत्येक पावतीचा हिशेब द्यावा लागतो. तिच्या नावावर कर्ज आहे आणि ते कशासाठी काढलं हे तिला सांगता येत नाही. नोकरीच्या मुलाखतीच्या आदल्या रात्री नेमकं मोठं भांडण होतं, सकाळी गाडीची किल्ली सापडत नाही. एकदा योगायोग. तीनदा झालं, तर कोणीतरी घडवून आणतंय.

फोन ही हल्लीची सगळ्यात मोठी साखळी. पासवर्ड त्याला माहीत, लोकेशन कायम सुरू, कुठल्या मेसेजला कधी उत्तर दिलं याची उलटतपासणी. ‘आमच्यात लपवाछपवी नाही’ असं ती म्हणते, तेव्हा सहज विचारा : त्याच्या फोनचा पासवर्ड तुला माहीत आहे का?

गरोदरपण, पाळणा लांबवणं याही गोष्टी ताब्यात घेतल्या जातात. गोळ्या लपवणं, फेकून देणं, मूल हवं किंवा नको यासाठी जबरदस्ती करणं हा छळच आहे, आणि त्याबद्दल बाई सगळ्यात शेवटी बोलते.

मुलांवरूनही कळतं. कुलुपात किल्ली फिरली की टीव्हीचा आवाज बंद करणारं मूल मी पाहिलं आहे. सात वर्षांचा होता. पावलांच्या आवाजावरून आज मूड काय आहे ते तो आईला सांगायचा.

आणि त्याच्याकडे बघायला विसरू नका. डॉक्टरांनी तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तो देतो. तिला क्षणभरही एकटं सोडत नाही. चारचौघांत तिची ‘गंमत’ करतो, सगळे हसतात, ती त्याच्याकडे बघून मग हसते. एरवी तो मनमिळाऊ, सगळ्यांच्या मदतीला धावणारा असू शकतो. संताप आवरत नाही म्हणून मारतो असं म्हणतात, पण साहेबावर, पोलिसावर त्याचा संताप बरोबर आवरतो.

पायरी 3 : धोका किती आहे, याचा अंदाज घ्या

इथे घाई करू नका, आणि हलकंही घेऊ नका. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2023 साली जगभरात सुमारे 51,100 स्त्रिया आणि मुली जोडीदाराच्या किंवा घरातल्याच माणसाच्या हातून मारल्या गेल्या, म्हणजे दिवसाला सरासरी 140. अमेरिकेतल्या परिचर्या-संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी अशा खुनांच्या आधी काय काय घडलं होतं याचा अभ्यास करून 1980च्या दशकात धोका मोजण्याची एक प्रश्नावली तयार केली. तिच्या धर्तीवर पुढच्या गोष्टींना मी लाल दिवा मानते :

- गळा दाबला आहे, एकदा का होईना
- हत्यार दाखवलं आहे, किंवा घरात बंदूक आहे
- ‘मारून टाकीन’ किंवा ‘तू गेलीस तर मी जीव देईन’ अशी धमकी
- मार वाढत चालला आहे, आधीपेक्षा जोरात, आधीपेक्षा वारंवार
- गरोदरपणात मारलं आहे
- लैंगिक जबरदस्ती
- सतत पाळत, पाठलाग, विकोपाला गेलेला संशय
- ती नुकतीच वेगळी झाली आहे, किंवा होणार असल्याचं त्याला कळलं आहे

गळा दाबण्याबद्दल वेगळं सांगायलाच हवं, कारण बायका ते ‘नुसतं गळ्याला धरलं’ अशा शब्दांत सांगतात आणि ऐकणाराही पुढे जातो. ज्या बाईचा जोडीदाराने पूर्वी गळा दाबला आहे तिचा त्याच्या हातून खून होण्याचा धोका सात पटींहून जास्त असल्याचं अमेरिकेतल्या 2008च्या एका अभ्यासात दिसलं. वरून वळ दिसलाच पाहिजे असं नाही. कित्येकींच्या गळ्यावर काहीच दिसत नाही. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, कपड्यांत लघवी होणं, मधला काही वेळ न आठवणं, डोकं दुखणं, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली असेल तर काही दिवसांनीही पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. डॉक्टरांना ‘गळा दाबला होता’ हे स्पष्ट शब्दांत सांगायचं.

लाल दिवा दिसला तर एकट्याने निस्तरायला जाऊ नका. हेल्पलाइनवरच्या प्रशिक्षित माणसाशी आधी तुम्ही बोला. तिचं नाव न सांगताही सल्ला मिळतो. जीवावर बेतलं असेल तर सरळ पोलीस.

पायरी 4 : विषय काढा, पण नीट

जागा अशी हवी की तो अचानक येणार नाही आणि मुलं ऐकणार नाहीत. मेसेजवर हा विषय कधीच नको. तिचा फोनसुद्धा दुसऱ्या खोलीत राहू दे. आणि सुरुवात त्याच्यापासून करू नका. ‘तुझा नवरा तुला मारतो का?’ म्हटलं की ती त्याची बाजू घेते, घेणारच. जे तुम्ही पाहिलं त्यापासून सुरू करा.

"अगं, मागच्या दोन-तीन वेळा तू लवकर निघालीस. फोन आला की तुझा चेहरा उतरतो. मला काळजी वाटते गं."

"काही नाही, जरा दगदग होते."

"बरं. घरी तुला भीती वाटते का कधी?"

आणि मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे. दहा सेकंदांची शांतता आपल्याला सोसत नाही, आपण काहीतरी बोलून ती भरून काढतो आणि तिची सुटका करून देतो. तो ‘भीती’ हा शब्द तिला घरी घेऊन जाऊ दे. "छे गं, तसं काही नाही" म्हणाली तर वाद घालू नका. "ठीक आहे. कधी वाटलं तर मी आहे, रात्री दोनलासुद्धा," एवढं म्हणून विषय बदला. माझ्या मैत्रिणीने मला पहिल्यांदा असंच झटकलं होतं. आठ महिन्यांनी ती स्वतः बोलली.

बोलू लागली की आरोग्य कर्मचाऱ्यांना जे शिकवतात तेच आपल्यालाही पुरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2014च्या मार्गदर्शनाचा गाभा असा : ऐका, काय हवंय ते विचारा, विश्वास दाखवा, सुरक्षिततेचं बघा, मदतीशी जोडून द्या. मी यात विश्वासाला पहिला नंबर देईन. "माझा तुझ्यावर विश्वास आहे" आणि "यात तुझी चूक नाही" ही दोन वाक्यं तिने कित्येक वर्षांत ऐकलेली नसतात. ‘तुला काहीतरी भास होतात’, ‘तूच मला असं वागायला लावतेस’ हे इतकं ऐकलेलं असतं की स्वतःच्या आठवणीवरचा तिचा भरवसा उडालेला असतो.

काय बोलू नये, ते थोडक्यात. "मी असते तर एक दिवस राहिले नसते." "पण तू काय बोललीस आधी?" "मुलांसाठी सांभाळून घे." "असा दिसत नाही गं तो." आणि त्याला शिव्या घालणं. शिव्या घातल्या की उद्या ती त्याच्याकडे परत गेली तर तुमच्याकडे यायचा रस्ता लाजेने बंद होतो.

त्याच्याशी जाऊन ‘बोलणं’ तर अजिबात नको. आपण दार लावून घरी येतो, त्यानंतर त्या बोलण्याची वसुली तिच्याकडून होते.

पायरी 5 : ‘सोडून का देत नाही?’ हा प्रश्न गिळून टाका

पैसे नाहीत, मुलं आहेत, घर त्याच्या नावावर आहे, त्याच्यावर अजून जीव आहे, लोक काय म्हणतील, तो बदलेल. ही कारणं खरी आहेतच. पण सगळ्यात मोठं कारण तिला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं : निघताना आणि निघाल्यानंतरचे काही महिने हाच सगळ्यात धोक्याचा काळ असतो. ताबा सुटतोय असं दिसलं की तो आणखी गच्च धरतो. त्यामुळे ती थांबली आहे म्हणजे घाबरट आहे असं समजू नका. ती रोज हिशेब करते आहे, आणि त्या घराची माहिती तुमच्यापेक्षा तिला जास्त आहे.

म्हणून ‘आत्ताच्या आत्ता चल’ हा हट्ट धरू नका. वर्षानुवर्षं कोणीतरी तिच्या वतीने ठरवत आलं आहे. तुम्हीही ठरवू लागलात तर फक्त ताबेदार बदलला. "तुला आत्ता काय सोयीचं वाटतं?" हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं आहे, की घरात मला चिडवतात.

पायरी 6 : सुरक्षिततेचा आराखडा

हा आराखडा राहणाऱ्या बाईसाठीही हवा आणि निघणाऱ्या बाईसाठीही. कागदावर लिहू नका. तिच्या डोक्यात आणि तुमच्या डोक्यात.

घरात भडका उडतोय असं वाटलं तर कुठे उभं राहायचं? स्वयंपाकघर आणि बाथरूम टाळायचं : एकीकडे सुऱ्या, दुसरीकडे बाहेर पडायला वाट नाही. बाहेरच्या दाराजवळची खोली बरी. मुलांना सांगून ठेवायचं की मध्ये पडायचं नाही, अमुक शेजाऱ्यांकडे पळायचं, आणि फोनवर पत्ता कसा सांगायचा ते शिकवायचं. तुमच्या दोघींत एक साधं वाक्य ठरवा. आमचं होतं, "तुझं ते शिवणाचं पुस्तक माझ्याकडेच राहिलंय." हे कानावर पडलं की मी काही न विचारता पोलिसांना फोन करायचा असं ठरलं होतं.

व्हिडिओ कॉलवर बोलता येत नसेल तर हाताची एक खूण आहे : तळहात समोर धरायचा, अंगठा आत दुमडायचा, आणि चार बोटं त्यावर मिटायची. कॅनडातल्या कॅनेडियन विमेन्स फाउंडेशनने ती 2020च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत आणली. त्याच वसंतात स्पेनच्या कॅनरी बेटांवर औषधांच्या दुकानात ‘मास्क-19’ मागितला की दुकानदाराने पोलिसांना कळवायचं अशी व्यवस्था सुरू झाली होती. खूण दिसली तर तिथल्या तिथे ओरडू नका. हो-नाहीत उत्तर देता येतील असे प्रश्न विचारा : "मी पोलिसांना कळवू का?"

मग पिशवी. ती तिच्या घरात नको. तुमच्याकडे, ऑफिसात, कुठेही, जिथे त्याची नजर जाणार नाही.

- ओळखपत्रं, पासपोर्ट, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला, घराचे आणि बँकेचे कागद. मूळ प्रती हलवल्या तर त्याला कळेल, म्हणून आधी नकला
- थोडी रोकड, एका वेळी थोडीथोडी
- रोजची औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या
- घराची आणि गाडीची जादा किल्ली
- साधा, नवीन नंबरचा फोन आणि चार्जर
- कागदावर लिहिलेले महत्त्वाचे नंबर
- मुलाचं एखादं लाडकं खेळणं. हे हसण्यावारी नेऊ नका. त्या एका खेळण्यासाठी परत गेलेली माणसं मला माहीत आहेत

कुत्रा-मांजर असेल तर त्याचीही सोय लावून ठेवा. ‘तू गेलीस तर याला संपवतो’ ही धमकी फार ठिकाणी ऐकू येते.

पायरी 7 : फोन आणि पुरावे

पाळत ठेवणारं अ‍ॅप सापडलं की ताबडतोब काढून टाकावंसं वाटतं. थांबा. काढलं की त्याला कळतं, आणि पुरावाही जातो. तिने शोधाशोध, फोन, नवीन ईमेल हे सगळं दुसऱ्याच्या सुरक्षित फोनवरून किंवा ग्रंथालयाच्या संगणकावरून करावं. निघायच्या वेळी मात्र लोकेशन शेअरिंग, एकत्र क्लाउड खातं, मुलांचे टॅबलेट, गाडीचं अ‍ॅप, पर्समध्ये टाकलेला ट्रॅकर हे सगळं तपासायचं. आयफोनमध्ये 2022 पासून, आयओएस 16 आलं तेव्हापासून, ‘सेफ्टी चेक’ ही सोय आहे : कोणाला काय दिसतंय ते एका जागी कळतं आणि सगळं तिथूनच बंद करता येतं. पासवर्ड बदलताना ‘पहिल्या शाळेचं नाव’ वगैरे प्रश्नांची उत्तरंही बदला. त्याला ती सगळी पाठ असतात.

पुराव्यासाठी तारीख, वेळ, जागा, काय घडलं, कोणी पाहिलं, एवढ्या पाच गोष्टी पुरतात. जखमेचे फोटो दोन प्रकारे : एक लांबून, चेहऱ्यासकट, आणि एक जवळून, बाजूला नाणं किंवा पट्टी ठेवून. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत काढा, कारण वळ उमटायला वेळ लागतो. धमकीचे मेसेज पुसू नका. त्यांचे स्क्रीनशॉट नंबर आणि तारीख दिसेल असे घ्या. डॉक्टरांना ‘पडले’ असं सांगितलं की कागदावर तेच राहतं, म्हणून सांगता येत असेल तर कोणी मारलं ते सांगून नोंद करून घ्यावी. चोरून रेकॉर्डिंग करण्यापूर्वी वकिलाला विचारा. काही ठिकाणी तोच गुन्हा ठरतो.

हे सगळं ठेवायचं तुमच्याकडे. तिच्या घरातल्या वहीत नाही.

पायरी 8 : भिंतीपलीकडून आवाज येतो तेव्हा

दोघंजण मिळून जा आणि बेल वाजवा. काहीही निमित्त चालतं : "तुमच्याकडे लाइट आहे का? आमची गेली." मारणारा क्षणभर थांबतो, आणि कोणीतरी ऐकतंय हे त्याला कळतं, तिलाही कळतं. हत्यार असेल, किंवा किंकाळ्या ऐकू येत असतील, तर बेल नको, थेट पोलीस. आत घुसून मर्दुमकी नको. फोन कोणी केला हे पुढे कधीही कोणाला सांगू नका.

दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटली तर नजर चोरू नका. "रात्री आवाज ऐकला. तू बरी आहेस ना?" एवढं पुरे.

‘बसून मिटवून टाकू’ म्हणणारे वडीलधारे इथेच पुढे येतात. त्यांचा हेतू चांगला असेलही. पण ज्याच्यासमोर ती खरं बोलू शकत नाही त्याच्याच शेजारी बसवून तिला बोलायला लावणं म्हणजे काय मिटवणं? युरोपीय देशांच्या इस्तंबूल करारात, 2011च्या, कलम 48 खास यासाठी आहे : अशा प्रकरणांत समेट किंवा मध्यस्थी सक्तीची करता येणार नाही. छळ सुरू असताना जोडप्याचं एकत्र समुपदेशन करायलाही जाणते समुपदेशक तयार नसतात.

पायरी 9 : लांबचा पल्ला

ती निघेल, परत जाईल, पुन्हा निघेल. तुम्हाला राग येईल. मलाही आला होता. रात्रभर जागून जागा शोधली आणि चौथ्या दिवशी बाई परत घरी. त्या रागाची वाट तिच्याकडे जाऊ देऊ नका. दुसऱ्या कोणाजवळ मोकळं व्हा, आणि झेपत नसेल तर तसं स्वतःशी कबूल करून आणखी दोघांना जोडून घ्या. एकट्याने हे पेलत नाही. तिच्या संमतीशिवाय मात्र कोणालाही नाव सांगायचं नाही. मुलांच्या किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल तेव्हाच हा नियम मोडायचा.

निघाल्यानंतर मदत जास्त लागते, आणि नेमकी तेव्हाच माणसं पांगतात. कोर्टाच्या तारखेला सोबत जाणं, मुलांना शाळेतून आणणं, शाळेला कोण मूल नेऊ शकतं आणि कोण नाही ते लेखी कळवणं, फॉर्म भरताना शेजारी बसणं. यातलं एकही काम मोठं नाही. कामाच्या ठिकाणी वरिष्ठ असाल तर वेळा बदलून द्या, तिची जागा दरवाज्यापासून आत घ्या, तिचा फोन दुसऱ्या कोणाला उचलू द्या. फिलिपिन्समध्ये 2004च्या कायद्याने अशा बाईला दहा दिवसांची भरपगारी रजा मिळते. न्यूझीलंडमध्ये 2019च्या एप्रिलपासून तशीच. तुमच्याकडे असा नियम नसला तरी रजा द्यायला कोणी अडवत नाही.

सहाव्या ग्लासावरून जागलेल्या त्या मैत्रिणीची पिशवी माझ्या कपाटात, जुन्या चादरींच्या मागे, चौदा महिने होती. मधे एकदा ती घेऊन गेली आणि नऊ दिवसांनी परत ठेवायला आली, माझ्याकडे न बघता. मी पिशवी घेतली आणि म्हटलं, "थांब, आतल्या औषधांची मुदत संपली असेल. बदलून ठेवते."